कुरवांची पारख

ज्या वस्तु रोज डोळ्यांसमोर येतात त्या आपणांस ठाऊक आहेत, असें मनुष्य सहज धरून चालतो. हिंवाळ्यांत मुंबईच्या चौपाटीवर, अलिबागेकडील किनाऱ्यावर अथवा भिगवणच्या जलाशयावर घिरट्या घालणारे पांढुरके पक्षी हजारों लोक पाहतात. कोणी त्यांस समुद्रावरचे बगळे म्हणतो, कोणी नुसतेंच 'पाणपक्षी' म्हणून मोकळा होतो. मराठी पक्षिग्रंथांत त्यांस कुरव हें नांव आहे. परंतु हा कुरव एक नव्हे. आपल्या किनाऱ्यावर त्याच्या अनेक जाति येतात, आणि त्यांतील प्रत्येक जातीचा पक्षी वयाप्रमाणें व ऋतूप्रमाणें निरनिराळा वेष धारण करतो. या गर्दींतून एखादा दुर्मिळ कुरव नेमका ओळखणें हें किती कठीण आहे, तो ओळखण्याची रीति कशी बनत गेली, आणि तिच्या घडणीशीं आपल्या प्रांताचा संबंध काय, हें थोडक्यांत सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

विषय समुद्राचा असला तरी देशावरच्या वाचकांनीं तो परका मानण्याचें कारण नाहीं. पुण्याच्या पश्चिमेस, हिंजवडीला लागून, मुळशी तालुक्यांत माण हें गांव आहे. आज तें संगणकाच्या धंद्याच्या टोलेजंग इमारतींनीं वेढलेलें आहे. परंतु त्या भागाची नदी मुळाच, आणि मुळेचें पाणी दोन वाटांनीं दोन समुद्रांस मिळतें. ज्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सुरू झालेला सत्याग्रह सेनापति बापट यांच्या नांवाशीं कायमचा जोडला गेला, त्या मुळशीच्या धरणांत अडविलेलें पाणी सह्याद्रि उतरून कोंकणांत भिऱ्याच्या वीजघरांत जातें, तेथून कुंडलिकेंत मिसळतें व रेवदंड्यापाशीं अरबी समुद्रांत पडतें. उरलेलें पाणी माणच्या बाजूनें पुण्याकडे येतें, पवना व मुठा यांस बरोबर घेऊन भीमेस मिळतें आणि १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनीच्या धरणांत विसांवतें. रेवदंड्याच्या उत्तरेस आक्षीचा किनारा आहे, आणि उजनीच्या फुगवट्यावर भिगवण आहे. या दोन्ही ठिकाणीं हिंवाळ्यांत कुरव उतरतात. म्हणजे मुळेच्या पाण्याच्या दोन्ही वाटांवर हे परदेशचे पाहुणे बसलेले सांपडतात.

या पाहुण्यांच्या ओळखीचा एक धागा आपल्याच किनाऱ्यापासून निघतो. टॉमस जर्डन हे कंपनी सरकारच्या मद्रासकडील सैन्यांत वैद्य होते. १८४० सालीं त्यांनीं हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका कुरवाचें वर्णन प्रसिद्ध केलें व त्यास 'तपकिरी डोक्याचा' या अर्थाचें लॅटिन नांव दिलें. युरोपांतील काळ्या डोक्याच्या कुरवाचें नामकरण लिनीयस यांनीं १७६६ सालींच केलें होतें. नांवांवरून असें वाटेल कीं, हे दोन पक्षी डोक्याच्या रंगावरून वेगळे करावे. वस्तुस्थिति मात्र अगदीं निराळी आहे. 'काळ्या डोक्याचा' म्हणविणाऱ्याचें डोकेंहि वास्तविक गर्द तपकिरीच असतें. आणि हिंवाळ्यांत तर दोघांचींहि डोकीं पांढरीं होऊन कानामागें एक काळसर ठिपका तेवढा उरतो. जी खूण नांवांत सांगितली आहे ती, पक्षी आपल्याकडे असतात त्या बहुतेक काळांत, त्यांच्या अंगावर नसतेच. परतण्याचे दिवस जवळ आले म्हणजे, माघ-फाल्गुनाच्या सुमारास, ती पुनः उमटूं लागते.

मग भेद पाहावा कोठें? तो पंखांत व डोळ्यांत पाहावा लागतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड टोंकापर्यंत पांढरी असते. पक्षी उडूं लागला कीं ती पांढरी पाचर दुरूनहि उठून दिसते. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचें टोंक रुंद व काळें असतें, आणि त्या काळ्यांत पांढरे ठळक ठिपके असतात. पक्षिनिरीक्षक त्यांस 'आरसे' म्हणतात. शिवाय वयांत आलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचें बुबुळ फिकट असतें, दुसऱ्याचें काळसर. येथवर गोष्ट सोपी आहे. परंतु तपकिरी डोक्याचा कुरव पहिल्याच हिंवाळ्यांत आपल्याकडे आला असेल, तर त्याच्या पंखांत आरसे नसतात व त्याचें बुबुळहि काळसर असतें. ज्या दोन खुणांवर सारी मदार, त्या दोन्ही त्याच्या अंगीं अद्याप आलेल्या नसतात! अशा वेळीं शेपटीच्या टोंकाचा काळा पट्टा आणि पंखावरील तपकिरी पिसें पाहून आधीं वय ठरवावें लागतें, मग त्या वयास लागू पडणाऱ्या खुणा, मुख्यतः पंखाच्या टोंकांतील काळ्याची रुंदी, तपासाव्या लागतात. पहिला प्रश्न वयाचा व दुसरा जातीचा, हा क्रम उलटला कीं चूक ठरलेली. पुढील शतकाचा सारा इतिहास हा क्रम उमगण्याचा इतिहास आहे.

जर्डन यांच्यानंतर या क्षेत्रांत ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे आले. ज्यांस आपण १८८५ च्या राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून ओळखतों, तेच हे ह्यूम. राजकारणापूर्वीं त्यांचें सारें चित्त पक्ष्यांत गुंतलेलें होतें. १८७२ सालीं त्यांनीं 'स्ट्रे फेदर्स' हें नियतकालिक सुरू केलें आणि देशभरांतील सरकारी कामगार, सैनिक व आगगाडीचे इंजिनियर यांस लिहितें केलें. डेव्हिडसन व वेंडेन यांची दख्खनच्या पक्ष्यांवरील टिपणें १८७८ सालीं याच पत्रांत आलीं; रत्नागिरीकडील मुलकी अधिकारी व्हायडल यांची दक्षिण कोंकणच्या पक्ष्यांची यादी १८८० सालीं त्यांतच छापली गेली; आणि पुढें १८८५ सालीं बार्न्स यांनीं मुंबई इलाख्याच्या पक्ष्यांवर स्वतंत्र पुस्तक काढलें. आपल्या प्रांतांतील पक्ष्यांचा लेखी हिशेब या मंडळींनीं घालून दिला, याविषयीं कृतज्ञ असलेंच पाहिजे.

तथापि त्यांच्या साधनाची एक मर्यादा होती. तें साधन म्हणजे बंदूक. पक्षी मारावा, कातडें सोलून पेंढा भरावा, त्यावर ठिकाण व तारीख यांची चिठी बांधावी आणि मग फुरसतीनें तुलना करावी, अशी तेव्हांची रीति होती. ह्यूम यांचा असा संग्रह पाऊण लाखाहून अधिक नमुन्यांचा होता. पुढें त्यांच्या हस्तलिखितांचा मोठा भाग घरच्या नोकराकडून बाजारांत रद्दीच्या भावानें विकला गेला, त्यांचें मन खचलें, आणि १८८५ सालीं त्यांनीं आपला संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. जातींच्या अभ्यासास त्याचा अमोल उपयोग झाला. परंतु कुरवांच्या बाबतींत कातडें अर्धीच साक्ष देतें. मेल्यानंतर बुबुळाचा रंग नाहींसा होतो, चोंचीचा व पायांचा पालटतो. आणि मोठे कुरव ओळखण्यास नेमकी याच रंगांची गरज असते. मारणाऱ्यानें चिठीवर ते लिहून ठेवले नसतील तर ते कायमचे गेले. शिवाय एका वेळीं हातीं आलेले दोन-चार नमुने पाहून, हा वयाचा भेद कीं जातीचा, हें ठरविणें बुद्धिमान मनुष्यासहि शक्य नव्हतें. रज्जुसर्पाचा दृष्टांत आपल्या वेदान्तांत प्रसिद्ध आहे. तेथें दोष डोळ्याचा नसून अपुऱ्या प्रकाशाचा असतो. येथेंहि तसेंच होतें.

याच सुमारास मुंबईंत एक संस्था जन्मास आली. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं आठ गृहस्थांनीं भायखळ्याच्या म्युझियममध्यें, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत, जमून 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन केली. त्या आठांत दोघे आपले होते: डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन. पहिले प्रार्थनासमाजाच्या संस्थापकांपैकीं व व्याकरणकार दादोबांचे बंधु. दुसरे नामांकित वैद्य व वनस्पतिवेत्ते. धर्मसुधारणेचा व वैद्यकाचा व्याप संभाळणाऱ्या या दोघांस प्राण्यांच्या टिपणांत कांहीं अर्थ वाटला, ही गोष्ट लहान नव्हे. या संस्थेचें नियतकालिक १८८६ पासून निघूं लागलें. तें आजतागायत चालू असून पक्ष्यांच्या नोंदी मांडण्याचें व तपासण्याचें एक कायमचें स्थान त्यामुळें मिळालें. १८९८ सालीं ब्लॅन्फर्ड यांनीं सरकारी प्राणिग्रंथमालेंत कुरवांची व्यवस्थित मांडणी केली, व १९२९ सालीं स्टुअर्ट बेकर यांनीं तिची सुधारलेली आवृत्ति दिली. १९४१ सालीं सालिम अली यांचें भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघालें आणि पक्षिनिरीक्षण हा सामान्य सुशिक्षित कुटुंबांचाहि छंद होऊं शकला. परंतु हातांत बाळगण्याच्या पुस्तकांत एका जातीस बहुधा एकच चित्र मिळतें, आणि कुरवास एक चित्र पुरत नाहीं.

तें कां पुरत नाहीं, हें जोनाथन ड्वाइट या अमेरिकन पंडितानें १९२५ सालीं जगांतील कुरवांच्या पिसाऱ्यांवर जो विस्तृत प्रबंध लिहिला, त्यावरून स्पष्ट झालें. कुरवाचा पिसारा योगायोगानें बदलत नाहीं; त्यास क्रम आहे. विणीनंतर पक्षी सर्व पिसें टाकून नवीं घेतो. वसंताच्या सुमारास डोक्याचीं व अंगाचीं तेवढीं पुनः बदलतो. लहान जातींस प्रौढ वेष येण्यास सुमारें दोन वर्षें लागतात, मोठ्या जातींस सुमारें चार. म्हणून मोठा कुरव पहिल्या हिंवाळ्यांत एक दिसतो, दुसऱ्यांत दुसरा, तिसऱ्यांत तिसरा. आणि प्रत्येक वेष झिजतांना आणखी बदलतो. पिसाचा काळा भाग त्यांतील रंगद्रव्यामुळें चिवट असतो, पांढरा लवकर झडतो. त्यामुळें पंखाच्या टोंकांवरील पांढऱ्या कडा वसंतापर्यंत झिजून जातात आणि नवशिक्यास ती निराळीच जाति भासते. जुना शिलालेख वाचणारा मनुष्य, अक्षर मुळांतच नव्हतें कीं वाऱ्यापाण्यानें गेलें, हें आधीं पाहतो. मराठीच्या अतिप्राचीन लेखांत ज्याची गणना होते तो शके ९३४ चा शिलालेख ज्या आक्षी गांवचा, त्याच गांवच्या वाळूंत बसलेल्या कुरवाची पिसें वाचणाऱ्यासहि हाच विवेक लागतो.

आतां दुर्मिळाची गोष्ट घेऊं. पल्लासचा कुरव हा आपल्याकडील कुरवांत सर्वांत भव्य. रशियाच्या सेवेंतील जर्मन निसर्गशास्त्रज्ञ पल्लास यांनीं १७७३ सालीं कास्पियन समुद्रावरून त्याचें वर्णन केलें. लांबी सुमारें दोन फूट, पंखांचा विस्तार सुमारें दीड मीटर, कपाळ उतरतें व चोंच दणकट. हिंवाळ्याच्या अखेरीस त्याचें डोकें खरोखरीचें काळें होतें. डोळ्याच्या वर व खालीं पांढरी कोर असते, आणि पिवळ्या चोंचीवर काळा पट्टा व टोंकाशीं लाली असते. असा प्रौढ पक्षी कोणीहि ओळखील. पण आपल्या किनाऱ्यावर तो थोडा, व उजनीसारख्या आंतल्या जलाशयांवर त्याहून थोडा. आणि जो येतो तो पुष्कळदां कोंवळ्या वयाचा. त्या वयांत ह्यूग्लिनच्या कुरवाशीं त्याचा घोटाळा होतो. कारण तोहि मोठा, व तोहि पहिल्या वर्षीं ठिपकेदार तपकिरी. अशा वेळीं पाठ व शेपटी पाहावी. पल्लासच्या कुरवाची पाठ पहिल्याच हिंवाळ्यांत राखी होते, आणि शुभ्र शेपटीच्या टोंकास काळा पट्टा रेघेनें आंखल्यासारखा स्वच्छ दिसतो. ह्यूग्लिनच्या पिलाची पाठ त्या वेळीं तपकिरी खवल्यांचीच असते व शेपटीच्या पट्ट्याकडे जातांना पांढऱ्यांत बारीक ठिपके मिसळलेले असतात. त्याच्या पाठीवर राखी रंग दुसऱ्या हिंवाळ्यांत कोठें येऊं लागतो. म्हणजे 'पाठ राखी आहे' एवढें म्हणून भागत नाहीं. कोणत्या वयांत राखी आहे, हें सांगितलें तरच त्या वाक्यास अर्थ येतो.

याहूनहि बिकट प्रश्न मोठ्या कुरवांच्या आपसांतील भेदाचा आहे. ह्यूग्लिनच्या कुरवाचें शास्त्रीय नामकरण १८७६ सालीं झालें. तो रशियाच्या उत्तरेकडील ओसाड दलदलींत वीण करतो. त्याचाच आप्त स्टेप कुरव दक्षिणेकडे, सैबेरियाच्या नैर्ऋत्य भागांत व कझाकस्तानच्या बाजूस राहतो, आणि त्यास स्वतंत्र नांव १९६० सालीं मिळालें. दोघेहि आपल्या किनाऱ्यावर हिंवाळा काढतात. एकाची पाठ गडद, दुसऱ्याची किंचित् फिकट. परंतु ऊन तिरपें पडलें कीं हा फरक डोळ्यास फसवितो. येथें ऋतुमानाची एक निराळीच साक्ष उपयोगी पडते. पंखांचीं मोठीं पिसें आंतून बाहेर क्रमानें गळतात व नवीं येतात. उत्तरेकडून लांबचा प्रवास करणाऱ्या ह्यूग्लिनच्या कुरवाचें हें काम फार उशिरापर्यंत चालतें. पौष-माघांतहि त्याचीं बाहेरचीं पिसें अर्धवट वाढलेलीं आढळतात. स्टेप कुरवाचें तें सरासरीनें आधीं आटोपतें. ही खूण एकटी निर्णायक नव्हे, पण पाठीचा रंग, चोंचीची ठेवण व डोक्यावरील रेघा यांच्या जोडीस ती आली म्हणजे निर्णयास बळकटी येते.

या आप्तांच्या घोटाळ्यानें सृष्टिशास्त्रालाहि चकविलें. १९४२ सालीं एर्न्स्ट मायर यांनीं असा सिद्धान्त लोकप्रिय केला कीं, उत्तर ध्रुवाभोंवतीं मोठ्या कुरवांचें एक कडें आहे. शेजारचे शेजाऱ्याशीं संकर करतात, पण कड्याचीं दोन टोंकें जेथें भेटतात तेथें दोन वेगळ्या जाति दिसतात. साठ वर्षें तो दृष्टांत पाठ्यपुस्तकांत शिकविला गेला. २००४ सालीं लीबर्स, डी क्नाइफ व हेल्बिग यांनीं आनुवंशिक द्रव्याची तपासणी करून दाखविलें कीं, असें अखंड कडें नाहीं. या कुरवांच्या पूर्वजांचे दोन गट निराळ्या आश्रयस्थानांतून पसरले आहेत. इतका सुंदर सिद्धान्त पुराव्यापुढें मागें घ्यावा लागला. ज्यास आक्षीच्या वाळूंत दोन कुरवांतला भेद सांगतां येत नाहीं त्यानें म्हणून खिन्न होण्याचें कारण नाहीं. मात्र जें निश्चित नाहीं तें निश्चित म्हणून लिहूं नये.

बंदुकीचा काळ आतां संपला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सामान्य निरीक्षकास तो मार्ग बंद केला, आणि तें योग्यच झालें. तिची जागा दुर्बिणीनें व छायाचित्रानें घेतली. पीटर ग्रँट यांच्या १९८२ च्या पुस्तकानें कुरवांचा प्रत्येक वयाचा वेष जिवंत पक्ष्यावर ओळखावयास शिकविलें. २००५ सालीं रासमुसेन व अँडरटन यांच्या ग्रंथानें दक्षिण आशियापुरती ती विद्या अद्ययावत् केली. आणि २०१६ सालीं प्रवीण, जयपाल व पित्ती यांनीं पुरावा तपासून भारताची पक्षियादी नव्यानें प्रसिद्ध केली. छायाचित्राचा खरा गुण हा कीं, पाहणाऱ्याचें मत चुकलें तरी साक्ष शिल्लक राहते. बुबुळाचा, चोंचीचा, पायांचा रंग त्यांत टिकतो. उघडलेल्या पंखाचें एकेक पीस मोजतां येतें. आणि दहा वर्षांनीं दुसरा जाणता मनुष्य तेंच चित्र पाहून निकाल फिरवूं शकतो. ह्यूम यांच्या रद्दींत गेलेल्या कागदांस हें भाग्य लाभलें नाहीं.

यावर कोणी विचारील कीं, हा कुरव कीं तो कुरव, यांत जगाचें अडलें काय? अडलें आहे तें असें. आपल्या डोळ्यांदेखत पाणी बदलत आहे. नद्या धरणांत थांबल्या, खाड्या भरल्या गेल्या, जेथें शेतें होतीं तेथें उजनीचा सागर झाला आणि त्याबरोबर समुद्रकांठचे पक्षी आंतवर आले. भिगवणला होड्यांभोंवतीं व मुंबईच्या किनाऱ्यावर लोक या कुरवांस शेव-गांठ्या चारतात, आणि मासे टिपणारा पक्षी तळणाच्या मागें लागतो. या फेरफारांनीं कोणते पक्षी वाढले, कोणते घटले, कोणते नव्यानें येऊं लागले, हें पुढील पिढीस आपल्या नोंदींवरूनच कळणार. त्या नोंदींत हौसेच्या भरांत ह्यूग्लिनच्या प्रत्येक पिलास पल्लासचा कुरव म्हटलें असेल, तर दुर्मिळ पक्षी विपुल झाल्याचा खोटा आनंद होईल, आणि तो खरोखर नाहींसा झाला तरी कोणास कळणार नाहीं. चुकीचें नांव हें नांव नसण्यापेक्षां वाईट. कारण अज्ञान विचारावयास लावतें, चुकीचें ज्ञान विचारणें थांबवितें.

म्हणून ज्यास दुर्मिळ कुरव पाहण्याची इच्छा आहे त्यानें प्रथम साध्या कुरवांचा सर्व वयांत परिचय करून घ्यावा. एक थवा घेऊन त्यांत पहिल्या हिंवाळ्याचे किती, दुसऱ्याचे किती व प्रौढ किती हें मोजावें. डोळा, चोंच, पाय, पाठ, शेपटी व पंखाचें टोंक हीं याच क्रमानें पाहावीं. तारीख व ठिकाण लिहावें. आणि शंका राहिली तर 'मोठा कुरव, पहिला हिंवाळा' एवढेंच लिहून थांबावें. तेवढीहि नोंद खरी असल्यामुळें उपयोगाची आहे. भायखळ्याच्या त्या सभेस बसलेल्या दोघां वैद्यांच्या शास्त्रांतहि लक्षणें पुरीं झाल्याशिवाय निदान करीत नसत.